जे आधी येईल ते

अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांत काही माणसं ठरलेली असतात. आरती वरच्या पट्टीत सुरू करून दुसऱ्या कडव्याला पाणी प्यायला जाणारा एक असतो. नाटकाच्या मध्यंतरात ‘आम्ही हे मूळ संचात पाहिलंय’ असं कुणी न विचारता सांगणाऱ्या एक बाई असतात. ‘पुढच्या वर्षी कायमचं परत’ असं तीस वर्षं म्हणत आलेलं एक जोडपं असतं. आणि मंडळ जरा मोठं, पगार जरा बरे असले, तर एक कॅप्टन असतो.

आमच्या बे एरियातला कॅप्टन पोटापाण्यासाठी डेटाबेस सांभाळतो. ‘कॅप्टन’ ही पदवी त्याला मंडळाने अर्धवट थट्टेत दिली आणि त्याने ती पूर्ण गांभीर्याने स्वीकारली. कारण त्याच्याकडे खाजगी वैमानिकाचा परवाना आहे आणि विमानही आहे. विमान म्हणजे पाव विमान. चौघांत मिळून घेतलेलं, १९७४ सालचं सेस्ना १७२. त्यातला एक भागीदार टेक्ससला राहायला गेला, तो फक्त पैसे पाठवतो. दुसऱ्याची पाठ धरली आहे. तिसऱ्याला जुळी झाली. तेव्हा मालकी पाव विमानाची आणि काळजी अख्ख्या विमानाची अशी वाटणी कॅप्टनच्या पदरात पडली. या वाटणीवर तो जितका खूश आहे तितका मी त्याला बढती मिळाल्यावरही पाहिलेला नाही.

लोकांना वाटतं, कॅप्टनला उडायची हौस आहे. तसं काही नाही. कॅप्टनला हौस आहे ती इंजिनाचं तेल बदलायची. तेल काळं झाल्याशिवाय बदलण्यात मजा नाही, इंजिन चालवल्याशिवाय ते काळं होत नाही, आणि विमानाचं इंजिन नुसतं जमिनीवर चालवणं त्याला मंजूर नाही. म्हणून तो नाइलाजाने उडतो.

हा नाइलाजही तो शास्त्राधारे सिद्ध करतो. त्याच्या विमानात लायकमिंग कंपनीचं ओ-३२० इंजिन आहे. ‘ओ’ म्हणजे ऑपोज्ड, चार सिलिंडर दोन-दोन करून समोरासमोर आडवे. ३२० म्हणजे घन इंच, आपल्या भाषेत सव्वापाच लिटर. शक्ती दीडशे घोड्यांची. हे तो भेटेल त्याला सांगतो. एका मुंजीत त्याने भटजींना सांगितलं. भटजी व्यवहारी निघाले, त्यांनी ॲव्हरेज विचारलं. तर या इंजिनाचा कॅमशाफ्ट वरच्या बाजूला असतो. विमान महिनोन् महिने उभं राहिलं की त्याच्यावरचं तेल निथळून जातं, कॅम उघडा पडतो आणि गंजतो. नुसतं सुरू करून पाच-दहा मिनिटं चालवलं तर आणखी वाईट. तेल पुरेसं तापत नाही, ज्वलनातून आलेलं पाणी तेलातच राहतं. तेल ऐंशी-पंच्याऐंशी अंश सेल्सिअसपर्यंत तापून तिथे बराच वेळ राहायला हवं, आणि ते हवेत गेल्याशिवाय होत नाही. “म्हणजे मी फिरायला जात नाही,” कॅप्टन वहिनींना सांगतो, “मी पाणी उडवायला जातो.”

वहिनी चार्टर्ड अकाउंटंट आहेत. त्या म्हणतात, “पैसे उडवायला जातोस ते सांग.”

लायकमिंगचं तेलाविषयीचं एक सर्व्हिस बुलेटिन आहे, क्रमांक ४८०. पूर्ण प्रवाहाचा फिल्टर असलेल्या इंजिनाचं तेल दर पन्नास तासांनी किंवा दर चार महिन्यांनी बदलावं, जे आधी येईल ते. नुसती जाळी असलेल्या इंजिनाला पंचवीस तास. कॅप्टनच्या आयुष्यात कायम चार महिनेच आधी येतात. पन्नास तास उडायला पैसे लागतात आणि मोकळे शनिवार लागतात. चार महिने मात्र कुणालाही फुकट मिळतात. मग चौथ्या महिन्याच्या अखेरीस मला फोन येतो.

“शनिवारी काय करतोयस?”

“काही नाही.”

“मग ये. टॉर्च धरायला कुणीतरी हवं.”

मध्यमवर्गीय मराठी घरात वाढलेल्या मुलाला टॉर्च धरायला शिकवावं लागत नाही. वडील स्टुलावर चढून फ्यूजची तार घालतायत आणि खाली आपण उभे, हे आपलं पहिलं तांत्रिक शिक्षण. त्यात शिकलेली एकच गोष्ट आयुष्यभर उपयोगी पडते: उजेड कुठेही पाडला तरी तो चुकीच्या जागी पडलेला असतो.

आता एवढ्याशा कामाला मेकॅनिक का बोलवत नाही, असं कॅप्टनला कधी विचारू नये. मी विचारलं होतं, आणि त्याने मला अमेरिकेचा कायदा ऐकवला. इथल्या विमान नियमांत भाग ४३ आहे. त्याच्या परिशिष्ट ‘ए’मध्ये प्रतिबंधक देखभालीची एक यादी आहे: चाकाचे टायर बदलणं, स्पार्क प्लग काढून साफ करणं, बॅटरी बदलणं, दिव्याचा बल्ब बदलणं, सीटचे पट्टे बदलणं आणि तेलाचा फिल्टर. वैमानिकाचा परवाना असलेला मालक ही कामं आपल्या विमानावर स्वतः करू शकतो. याच्या बाहेरचं काही करायचं तर रीतसर मेकॅनिक लागतो. कॅप्टनची रामरक्षा पहिल्या दोन श्लोकांपुढे सरकत नाही, पण परिशिष्ट ‘ए’ त्याला क्रमाने पाठ आहे. घरच्या स्वयंपाकघरातला नळ दोन वर्षं ठिबकतोय. त्याबद्दल वहिनी म्हणतात, “तो परिशिष्टात नाही ना.”

शनिवारी सकाळी सॅन होजेच्या रीड-हिलव्ह्यू विमानतळावर कॅप्टन उभा असतो तो मंडळाच्या गणेशोत्सवाच्या जुन्या टी-शर्टात. असे बारा-पंधरा टी-शर्ट त्याच्याकडे आहेत. हँगरात त्यांच्यासाठी उतरंड आहे: अलीकडचे अंगात घालायला, मधले हात पुसायला, फार जुने इंजिन पुसायला. मात्र नवं तेल लागणाऱ्या जागी टी-शर्ट वर्ज्य. त्यातून धागे सुटतात. तिथे आईने पुण्याहून आणलेला धुवट पंचा. आईने तो अंघोळीनंतर अंग पुसायला दिला होता, हे तिला अजून सांगितलेलं नाही.

आधी एक छोटी फेरी. गार तेल काढायचं नाही, हा पहिला नियम. तेल गरम असलं की तळाशी बसणारा गाळ त्यात तरंगत असतो, तेलाबरोबर तोही बाहेर येतो. विमान पंधरा-वीस मिनिटांनी परत येतं, कॅप्टन वरचं झाकण काढतो, इंजिनाच्या पोटाखालच्या झडपेला नळी जोडतो आणि झडप वर दाबून फिरवतो. काळं तेल बादलीत उतरू लागतं. यातलं मधलं तेल, म्हणजे सुरुवातीचं नव्हे आणि शेवटचंही नव्हे, तो एका छोट्या बाटलीत धरतो. त्या बाटलीबद्दल नंतर.

तेल उतरायला अर्धा तास लागतो, आणि हा अर्धा तास कॅप्टनचा व्याख्यानाचा. विषय नेहमी इतिहास. पण हा इतिहास पुस्तकात वेगळा असतो. पुस्तकात राइट बंधू असतात. कॅप्टनच्या इतिहासात चार्ली टेलर असतो. राइट बंधूंच्या सायकलच्या दुकानात कामाला असलेला हा माणूस. १९०३ च्या विमानाला कुणी इंजिन बनवून देईना, तेव्हा याने सहा आठवड्यांत ते हाताने बनवलं, बारा घोड्यांचं. “त्या दोघांनी काय केलं?” कॅप्टन विचारतो. “उडवलं!” उडवणं या क्रियापदात तो इतका तुच्छभाव ओततो की ऐकणाऱ्याला राइट बंधूंची दया यावी.

जेआरडी टाटांची गोष्टही तो अशीच सांगतो. कॅप्टन पार्ल्याचा, जुहूच्या धावपट्टीवरून उठणारी छोटी विमानं गच्चीतून बघत वाढलेला. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी कराचीहून टपाल घेऊन पुस मॉथ विमानाने निघाले आणि अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, हे त्याला तारीखवार माहीत. पण कथेचा नायक वेगळा. अहमदाबादला विमानासाठी पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणले होते. कॅप्टनचा नायक तो गाडीवान. “त्याचं नाव कुणाला माहीत आहे?” हा प्रश्न तो माझ्याकडे बघून विचारतो, जणू रजिस्टर मीच हरवलं.

कधी तो पहिल्या महायुद्धात जातो. त्या काळातल्या काही विमानांचं अख्खं इंजिनच पंख्याबरोबर गरगर फिरायचं. त्यात वंगण म्हणून एरंडेल वापरत, कारण एरंडेल पेट्रोलमध्ये सहज मिसळत नाही. वापरलेलं एरंडेल परत टाकीत येत नसे. ते जळक्या वायूबरोबर बाहेर फेकलं जाई आणि मागे बसलेल्या वैमानिकाच्या नाकातोंडात जाई. पुढे पोटात काय होई ते मराठी माणसाला समजावून सांगायला नको. तरी कॅप्टन सांगतो, तपशिलाने सांगतो. एरंडाचं हे गुऱ्हाळ मी दर चार महिन्यांनी ऐकतो. बादलीतली धार बारीक होईपर्यंत ते चालतं आणि धार तुटली की वाक्य अर्धवट टाकून तो उठतो.

कारण आता फिल्टर. हा फिल्टर बसवला आहे इंजिनाच्या मागच्या अंगाला, इंजिन आणि वैमानिकाचे पाय यांच्यामध्ये जो लोखंडी पडदा असतो त्याच्या अगदी जवळ. तिथे हात जातो, पण हातात पाना असला तर जात नाही. पाना गेला तर फिरत नाही. फिरला तर कोपर मॅग्नेटोवर आपटतं. फिल्टर आडवा असल्यामुळे सैल होताक्षणी त्याच्यातलं तेल खालच्या प्रत्येक वस्तूवर सांडतं आणि शेवटी पुढच्या चाकावर येऊन ठिबकतं. यावर जगभरच्या विमानमालकांनी उपाय शोधलेत: कुणी प्लॅस्टिकची पिशवी बांधतं, कुणी बाटली कापून पन्हळ करतं, कुणी फिल्टरला आधीच भोक पाडतं. कॅप्टनने यात महाराष्ट्राच्या वतीने भर घातली आहे. अर्धा किलो श्रीखंडाचा डबा एका बाजूने कापला तर तो इंजिनाच्या नळ्यांमधून बरोबर फिल्टरखाली सरकतो. केशर-वेलचीचा चालतो, आम्रखंडाचा चालत नाही. त्या डब्याचा काठ जाड. शेजारच्या हँगरातला निवृत्त अमेरिकन गृहस्थ हल्ली ‘ते पिवळे डबे’ मागायला येतो. आत पूर्वी काय होतं, हे त्याने अजून विचारलेलं नाही.

“टॉर्च.”

मी टॉर्च पाडतो.

“तिकडे नाही. उजवीकडे.”

मी उजवीकडे पाडतो.

“माझ्या उजवीकडे!”

आम्ही दोघं एकाच दिशेला तोंड करून उभे असतो, हे मी त्याला सांगत नाही.

डबा लावूनही थोडं तेल सांडतंच. ते पुसून झालं की नव्या फिल्टरच्या रबरी कड्याला सिलिकॉनचं ग्रीस, मग हाताने फिरवून बसवणं, मग टॉर्क पाना. सोळा ते अठरा फूट-पौंड, असं फिल्टरच्या पत्र्यावरच छापलेलं असतं. कॅप्टन ते दर वेळी मोठ्याने वाचतो, न जाणो गेल्या चार महिन्यांत बदललं असेल. पाना ‘टक्’ वाजला की तो डोळे मिटतो.

मग सेफ्टी वायर. फिल्टर कंपनाने सैल होऊ नये म्हणून ०.०३२ इंच जाडीची तार त्याच्या कानातून ओवून पिळायची आणि दुसरीकडे अडकवायची. पीळ दर इंचाला सहा ते आठ. ताण असा हवा की फिल्टर फिरलाच तर घट्ट होण्याकडे फिरेल. कॅप्टन ती पिळतो, बघतो, तोडतो, पुन्हा पिळतो. ज्याच्या शर्टाचं वरून दुसरं बटण गेली दिवाळी ते ही दिवाळी एका दोऱ्यावर लोंबतंय, ज्याच्या गाडीचा आरसा टेपने चिकटवलेला आहे, असा हा माणूस कुणाला कधी दिसणार नाही अशा जागी तारेचे पीळ मोजतो. शेवटी मान्य झालेल्या तारेचा तो फोटो काढतो. त्याच्या फोनमध्ये मुलीच्या अरंगेत्रमचे जेवढे फोटो आहेत, त्याहून सेफ्टी वायरचे जास्त आहेत. नाचाचे फोटो हललेले आहेत. तारेचे सुस्पष्ट आहेत.

आता नवं तेल ओतायचं, आणि इथे धर्माचा प्रश्न येतो. छोट्या विमानांच्या जगात तेलाचे दोन पंथ आहेत. एक सिंगल ग्रेडवाला: जाड, सरळ तेल, उभ्या इंजिनावर जास्त दिवस धरून राहतं असं त्यांचं म्हणणं, थंडीत मात्र थिजतं. दुसरा मल्टीग्रेडवाला: थंडीत पातळ, उष्ण झालं तरी पुरेसं जाड. मोटारीचं तेल दोन्ही पंथांना निषिद्ध, कारण त्यातल्या धातुयुक्त रसायनांची राख ज्वलनकक्षात साठते आणि इंधन वेळेआधी पेटू शकतं. कॅप्टन सिंगल ग्रेडवाला, शेजारचा गृहस्थ मल्टीग्रेडवाला. दोघांची मैत्री आहे, डब्यांची देवाणघेवाण आहे, पण हा विषय निघाला की दोघांचे आवाज चढतात. आठ क्वार्टच्या टाकीत आठवं क्वार्ट भरावं की नाही, यावर मात्र दोघांचं एकमत. भरू नये. इंजिन ते बाहेर टाकतं आणि विमानाच्या पोटावर पसरवतं. टेक्ससवाला भागीदार इथे असताना आठ भरायचा. कॅप्टन अजून म्हणतो, “तो गेला ते बरंच झालं.”

इंजिन सुरू करून दाब बघायचा. तीस सेकंदांत काटा हलला नाही तर बंद. काटा हलतो. बंद करून गळती बघायची. गळती नसते. मग येतो तो क्षण ज्यासाठी एवढा खटाटोप: कॅप्टन लॉगबुक उघडतो, हात दोनदा धुतो आणि लिहितो. तेल बदललं, फिल्टर बदलला, जुना कापून तपासला, इंजिनाचे तास, तारीख. खाली सही आणि परवान्याचा क्रमांक.

मला वाटतं, सगळं गुपित या सहीत आहे. ऑफिसात तो दिवसभर जे करतो त्यावर कुणाचीच सही नसते. डेटाबेस कोसळला तर सतरा जणांची बैठक होते आणि शेवटी ‘प्रोसेस’ चुकली असं ठरतं. प्रोसेस कधी रागावत नाही, कधी सुधारतही नाही. इथे नट सैल राहिला तर तो कुणाचा, हे शाईने लिहिलेलं आहे. जबाबदारी टाळण्यात माणसं हयात घालवतात. हा ती मिळावी म्हणून महिन्याचे पैसे भरतो. बँकेच्या कागदावर त्याची सही गिचमिड असते. लॉगबुकात ती शाळेच्या प्रगतिपुस्तकावर वडिलांनी करावी तशी सुवाच्य असते.

वहिनींनी या सगळ्याचा हिशेब मांडलेला आहे. मेकॅनिकची मजुरी वाचते, हे खरं. पण टॉर्क पाना, तार पिळायची पक्कड, फिल्टर कापायचं यंत्र, सिलिंडरच्या आत डोकावणारा कॅमेरा या सगळ्यांची किंमत वसूल व्हायला कॅप्टनला वयाच्या ब्याण्णव वर्षांपर्यंत तेल बदलत राहावं लागेल. त्यांनी हा तक्ता त्याला इशारा म्हणून दाखवला. कॅप्टनने तो छापून हँगरात लावला.

फिल्टर कापायचं यंत्र हे त्यातलं मानाचं. जुना फिल्टर करवतीने कापायचा नाही; करवतीचा लोखंडी कीस आत पडतो आणि इंजिनाच्या माथी नसता आरोप येतो. यंत्राने पत्रा गोल कापायचा, आतला घड्यांचा कागद सोडवायचा, उलगडून उन्हात पसरायचा आणि घडी घडी तपासायची. चुंबकाला चिकटलं तर लोखंड: कॅम, टॅपेट, गिअर. पिवळसर चमकलं तर ब्राँझ: बुश. चमकतं पण चिकटत नाही, ते ॲल्युमिनियम: पिस्टन, नाहीतर पिस्टन-पिनच्या टोकाची बुचं. काळं आणि चिमटीत भुगा होणारं, तो कार्बन, सोडून द्यायचं. या वेळी कॅप्टन हातमोजे काढतो. बारीक कण मोज्यातून कळत नाहीत म्हणे.

आणि ती बाटली इंडियाना राज्यातल्या एका प्रयोगशाळेत जाते. तिथून अहवाल येतो: लोखंड इतकं, तांबं इतकं, क्रोमियम, निकेल, सिलिकॉन म्हणजे धूळ, सगळं दशलक्षांत किती या मापाने. सांता क्लारा काउंटीने १ जानेवारी २०२२ पासून आपल्या विमानतळांवर शिशाचं पेट्रोल विकणं बंद केलं. तेव्हापासून त्याच्या अहवालातलं शिसं इतकं उतरलं की कॅप्टनने पेढे वाटले. त्याच महिन्यात त्याचा स्वतःच्या रक्तातल्या तीन महिन्यांच्या साखरेचा अहवाल आला होता. तो फ्रिजवर चुंबकाखाली उलटा लावलेला आहे.

गेल्या दिवाळीतलं तेल मात्र वेगळं निघालं.

नेहमीप्रमाणे कॅप्टनने कागद पसरला. मी टॉर्च धरला. चौथ्या-पाचव्या घडीत काहीतरी चकाकलं. नखाएवढंही नाही, पण रुपेरी, पातळ, चपटं. कॅप्टनने चुंबक नेलं. हललं नाही. पुन्हा नेलं. त्याच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं मला टॉर्चच्या उजेडात दिसलं. टॉर्च या वेळी पहिल्यांदाच योग्य जागी होता.

“ॲल्युमिनियम,” तो म्हणाला. “पिस्टन-पिनचं बूच झिजतंय.”

मग तासाभरात बरंच घडलं. विमान ‘उडवू नये’ अशी पाटी लागली. भागीदारांना ईमेल गेली. टेक्ससवाल्याने तीन वर्षांत पहिल्यांदा उत्तर दिलं. त्यात एकच प्रश्न होता, संपूर्ण इंजिन उघडायला किती. शेजारचा गृहस्थ आला, त्याने चष्मा कपाळावर सरकवून पाहिलं आणि सिंगल ग्रेडचे हे परिणाम आहेत असं सुचवलं. विमानतळावरच्या मेकॅनिकने भिंग लावून पाहिलं, मान हलवली आणि म्हणाला, असला तुकडा मी फिल्टरमध्ये कधी पाहिला नाही. दहा तास उडव आणि पुन्हा फिल्टर काप. कॅप्टनला हे पटलं नाही. त्याने तो तुकडा चिकटपट्टीत दाबून एका पांढऱ्या कागदावर लावला आणि घरी नेला.

मी त्याला सोडायला गेलो होतो. कागद त्याने जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि शेजारी बसून राहिला. वहिनी आल्या, त्यांनी कागद उचलला, दिव्याकडे धरला.

“हे काय आहे?”

“पिस्टन.”

वहिनींनी काही न बोलता हँगरातून परत आलेला काजूकतलीचा डबा उघडला. सकाळी त्यांनीच तो आमच्याबरोबर दिला होता. वरच्या थरातल्या एका वडीवर अंगठ्याएवढ्या जागेचा वर्ख नव्हता. अंगठ्याचा ठसा मात्र होता, काळा, तेलाचा, पोलिसांना फ्रेम करून देता येईल असा.

“हातमोजे कधी काढलेस?” त्यांनी विचारलं.

कॅप्टनचा चेहरा उजळला. पूर्ण तीन सेकंद तो सुखी होता. इंजिन ठीक होतं, वीसेक हजार डॉलर्सवरचं संकट टळलं होतं, तारेचे पीळ शाबूत होते. चौथ्या सेकंदाला त्याच्या कपाळावर आठी आली. त्याने डब्यातल्या दुसऱ्या वडीचा वर्ख बोटाने उचलला आणि चिमटीत चुरला.

“चांदीचा वर्ख चुरला की भुकटी होऊन नाहीसा होतो,” तो सावकाश म्हणाला. “हा बघ. तुकडे पडतायत.”

आम्ही पाहिलं. तुकडे पडत होते.

“म्हणजे ॲल्युमिनियमच आहे,” कॅप्टन म्हणाला. त्याच्या आवाजात समाधान परत आलं होतं. “माझं निदान बरोबर होतं. फक्त इंजिन चुकलं.”

वहिनींनी डबा बंद केला आणि तो दुकानात परत करायचं ठरवलं. पण व्यवहार एवढ्यावर मिटवील तर तो कॅप्टन कसला. नुसत्या संशयावर कुणाला दोषी धरणं त्याला मान्य नाही. पुरावा दशलक्षांत किती या मापाने हवा. त्याच्या कपाटात प्रयोगशाळेची एक कोरी बाटली शिल्लक होती. अडचण एकच: ती प्रयोगशाळा फक्त तेल तपासते.

रात्री अकराला माझा फोन वाजला.

“झोपलास का?”

“नाही.”

“वर्ख मी साजूक तुपात कालवलाय. बाटली भरली, फॉर्म भरतोय. इंजिनाचा प्रकार या रकान्यात काजूकतली लिहिलं. पण खाली वंगणाचा ग्रेड विचारलाय. तूप सिंगल ग्रेड धरायचं की मल्टी?”

मी अंथरुणावर उठून बसलो. प्रश्न सोपा नव्हता.

“थंडीत थिजतं ना?” मी म्हणालो. “मग सिंगल.”